पणजीत महिनाभर राहायचं आहे: कुठे फिरावं, कुठे जेवावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी ओळखीतलं कुणी ना कुणी पंधरा दिवस, महिना, कधी दोन-दोन महिने पणजीत राहायला येतं. कुणाचं प्रशिक्षण असतं, कुणाचं घरून काम, कुणी लेकीच्या बाळंतपणासाठी आलेलं असतं. पहिल्या शनिवार-रविवारी कळंगुट, बागा, दोनापावला बघून होतं आणि सोमवारी मला फोन येतो, "आता पुढे काय?" खरा गोवा त्या सोमवारपासून सुरू होतो असं मला मनापासून वाटतं. मी पणजीच्या मळा या भागात बरीच वर्षं राहते. आजवर ज्या प्रश्नांची उत्तरं फोनवर देत आले, ती इथे सविस्तर लिहिली आहेत.

जास्त दिवस राहायचं तर किनाऱ्यावर खोली घ्यावी की पणजीत?

चार दिवसांसाठी येत असाल तर किनारा. पंधरा दिवसांच्या पुढे पणजीच. किनाऱ्यावर पर्यटकांच्या दराने जेवण मिळतं, आणि जरा कुठे जायचं म्हटलं की टॅक्सी लागते. पणजीत बाजार पायी गाठता येतो, कदंबचं, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचं स्थानक पाट्टो भागात आहे, आणि इथून म्हापसा साधारण तेरा किलोमीटर, फोंडा तीस, मडगाव तेहतीस. म्हणजे सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी परतता येतं.

मळा, फोंताईन्हास आणि सांतिनेज भागात चालत फिरण्याची मजा आहे. आल्तिनोवर शांतता आणि वारा आहे, पण चढ दमवतो, सोबत वयस्कर मंडळी असतील तर विचार करा. ताळगाव आणि पर्वरीला घरं मोठी मिळतात. मला विचाराल तर रायबंदर. मांडवीच्या काठावरचं जुनं गाव, आणि शहरात यायला नदीलगतचा सरळ रस्ता. हा रस्ता ज्या बांधावरून जातो तो पोर्तुगिजांनी 1633-34 मध्ये बांधला. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला मिठागरं. संध्याकाळी बसच्या खिडकीतून ते पाणी बघत घरी यायचं, एवढ्यासाठीसुद्धा रायबंदरला राहावं.

पहिले दोन-तीन दिवस शहरातच काढायचे तर काय बघावं?

चर्चच्या चौकातून सुरुवात करा. वळणावळणाच्या पांढऱ्या पायऱ्यांचं हे चर्च मुळात 1541 चं, आजचं बांधकाम 1619 चं. वर टांगलेली मोठी घंटा लक्षात ठेवा, जुन्या गोव्याच्या प्रश्नात ती पुन्हा येणार आहे. तिथून खाली नदीकडे उतरलात की आदिलशहाचा राजवाडा, ज्याला आम्ही अजून जुनं सचिवालय म्हणतो. त्याच्या शेजारी आबे फारियांचा पुतळा आहे: एक पाद्री पुढे झुकून हात पसरून उभा आणि समोर एक बाई मागे कलंडलेली. फारिया 1756 साली कांदोळीला जन्मले आणि संमोहनशास्त्राच्या अभ्यासात त्यांनी युरोपात नाव काढलं. बहुतेक लोक पुतळ्यासमोर फोटो काढतात आणि तो कुणाचा हे न वाचताच पुढे जातात. तुम्ही वाचा.

आझाद मैदानाजवळच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या-पांढऱ्या पोर्तुगीज फरशांवर रंगवलेली चित्रं आहेत, ती पाहायला दहा मिनिटं पुरतात. श्री महालक्ष्मीचं देऊळ चुकवू नका. पोर्तुगीज अमलात कित्येक पिढ्या पणजीत देऊळ बांधायला परवानगी नव्हती, ती 1818 मध्ये मिळाली, आणि त्यातून हे देऊळ उभं राहिलं.

फोंताईन्हासला सकाळी आठच्या आत जा. पिवळ्या, निळ्या, विटकरी भिंती, दारावरचे मातीचे कोंबडे, खिडक्यांना पूर्वी काचेऐवजी लावत ते शिंपले, हे सगळं कोवळ्या उन्हात निवांत पाहता येतं. दहानंतर तिथे फोटोवाल्यांची गर्दी होते. ही राहती घरं आहेत, आत माणसं स्वयंपाक करत असतात, म्हणून कुणाच्या व्हरांड्यात चढू नका, पायरीवर बसून फोटो काढू नका. सांत सेबास्तियांवच्या छोट्या चॅपेलमध्ये एक क्रूस आहे. त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत आणि मान ताठ आहे. एके काळी तो इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या धर्मन्यायालयाच्या वाड्यात होता. त्याच्यासमोर उभं राहिलं की त्या वाड्यात उभ्या केलेल्या माणसांची आठवण होते आणि घशाशी काहीतरी अडकतं.

दुपारी एक ते चार दुकानं बंद का असतात?

ती विश्रांतीची वेळ. पणजीची दुकानं एकच्या सुमाराला शटर ओढतात आणि साडेतीन-चारला उघडतात, रविवारी तर बहुतेक बंदच. पोस्ट, बँक, टपरीवरची कामं बारापर्यंत आटपा, जेवा, झोपा. आठवड्याभरात तुम्हालाही ही सवय लागेल.

सकाळचा नाश्ता कुठे करावा?

आधी घराच्या दारात. पहाटे सहा-साडेसहाला सायकलच्या भोंग्याचा पों-पों आवाज आला की तो पोदेर, म्हणजे पाववाला. मागच्या टोपलीवर निळं प्लास्टिक, ते बाजूला केलं की गरम पावाचा वास गल्लीभर. पोई म्हणजे कोंडा लावलेला, आतून पोकळ, फुगलेला पाव. उंडो गोल, पाठीवर एक चीर असलेला, वरून कडक. कांकण म्हणजे बांगडीसारखं खुसखुशीत, चहात बुडवायचं. पूर्वी पीठ फुगवायला माडाची सूर घालत. पोदेर संध्याकाळी चार-पाचला पुन्हा येतो. पहिल्या दिवशी त्याला थांबवून सांगा की इथे महिनाभर आहे, रोज चार पोया हव्यात. तो न विसरता दाराशी थांबतो. ओळख करून घ्यायला याहून सोपी वाट नाही.

बाहेर खायचं तर भाजी-पाव. मुंबईची पावभाजी डोक्यातून काढून टाका. इथे पातळ भाजी म्हणजे ओल्या खोबऱ्याच्या रसातली वाटाण्या-चण्यांची, सुकी भाजी म्हणजे बटाट्याची, आणि मिक्स म्हणजे बशीत दोन्ही. नशीब असेल तर अळसांद्यांचं तोंडाक, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याची रसभाजी मिळते. सोबत मिरचीचं भजं, नाहीतर केळं घालून केलेला गोडसर बन. कॅफे भोसले, कॅफे ताटो आणि कॅफे रिआल ही पणजीची जुनी नावं. टेबल रिकामं नसेल तर अनोळखी माणसासमोर बसायचं, इथे कुणी वाईट वाटून घेत नाही. माझं मत विचाराल तर ताटोची पातळ भाजी आणि भोसलेची मिरची. यावर पणजीकरांत एकमत व्हायचं नाही. साडेदहानंतर गेलात तर पातळ भाजी संपलेली असते.

मासळीची थाळी कुठे चांगली मिळते?

सर्वात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सावकाश सांगते.

18 जून रस्त्यावरचं रिट्झ क्लासिक हे नाव सगळेच घेतात, आणि ते योग्यच आहे. दुपारी एकला रांग असते, साडेबाराला गेलात तर बरं. कोकणी कँटीन आणि मिरामारचं मम्स किचन इथे घरगुती हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही पद्धतींचे पदार्थ मिळतात, विशेषतः मम्स किचनमध्ये जुन्या घरांतल्या पाककृती जपल्या आहेत. म्हापशाच्या बाजूला गेलात तर आसगावचं विनायक. बाकी गोव्यात प्रत्येक गावात, बसस्थानकाजवळ, पंचायतीशेजारी, चार टेबलांची खानावळ असते, आणि उत्तम थाळी पुष्कळदा तिथेच असते. ओळखायची खूण एकच: दुपारी तिथे स्थानिक कामगार, बँकेतले लोक, बसचे वाहक जेवत आहेत का ते बघा.

थाळीत भात, हुमण, एक तळलेला मासा, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) किंवा कोळंबीचं सुकं, एखादी पालेभाजी, किस्मूर आणि सोलकढी. हुमण म्हणजे नारळाची आंबट-तिखट कढी, बहुतेक वेळा बांगड्याची. बांगडा, तारली यांच्या हुमणात तिरफळं असतात, ती चावायची नाहीत, बाजूला काढायची. किस्मूर म्हणजे सुकी कोळंबी भाजून, चुरून, ओलं खोबरं आणि कांदा घालून केलेलं. नवखे लोक ते चटणी समजून कडेला सारतात, पण भाताच्या प्रत्येक घासाबरोबर त्याची चिमूट हवी.

दोन गोष्टी मागून घ्या. एक, उकडा भात. पांढरा भात न सांगता येतो, पण हुमण खरं मुरतं ते जाड लालसर उकड्या तांदळात. दोन, आज काय ताजं आलं आहे हे विचारा. सुरमईला इथे इस्वण किंवा विसवण म्हणतात, पापलेट तुम्हाला माहीतच आहे, पण मुडदुशी आणि चणक हे मासे मुद्दाम खा. मुडदुशी रवा लावून तळलेली, काट्यावरून अलगद सुटणारी. चणक खाडीचा मासा, त्याच्या तुकड्याला गोडवा असतो.

एक काळजी घ्या. खाद्यपत्रिकेत माशापुढे दर नसेल तर मासा निवडताना वजन आणि दर दोन्ही विचारून घ्या. किनाऱ्यावरच्या एका जागी आम्ही पाहुण्यांसमोर संकोचाने विचारलं नाही, आणि एका माशाचं बिल बाकीच्या सगळ्या जेवणाहून जास्त आलं. त्या दिवसापासून मी आधी विचारते. विचारण्यात काही कमीपणा नाही.

ख्रिस्ती घरांतलं गोवेकर जेवण कुठे चाखावं?

पणजीत वीवा पणजिम आणि व्हेनिते, दोन्ही फोंताईन्हासच्या परिसरात. व्हेनितेच्या चिंचोळ्या सज्जात बसायला मिळालं तर जेवण अर्धा तास पुढे ढकला पण तिथेच बसा. कोंबडीचं काफ्रेयाल खायला साळगावचं फ्लोरेंटीन. दक्षिणेला बेताळभाटीचं मार्टिन्स कॉर्नर, मडगावात जुनं लोंगिन्होस, आणि कळंगुटच्या वाळूवर 1932 पासून उभं असलेलं सोझा लोबो.

काफ्रेयाल हिरव्या वाटणाचं, शाकुती भाजलेल्या खोबऱ्याची आणि मसाल्यांची. विंदालू आणि सोरपोतेल व्हिनेगरमुळे दुसऱ्या दिवशी जास्त चवदार लागतात. डुकराचं मांस चालत नसेल तर स्पष्ट सांगा, कारण चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचं गोवेकर सॉसेज, पावात भरलेलं असतं आणि दिसायला साध्या भाजीसारखं दिसतं. संध्याकाळी रस्त्याकडेचे गाडे लागतात तिथे रोस ऑम्लेट खा: ऑम्लेटवर शाकुतीचा रस, वरून कच्चा कांदा, लिंबू, सोबत पाव. गोड म्हणून बेबिंका. नारळाचं दूध आणि अंड्याच्या बलकाचे थर एकेक करून वरून निखारे ठेवून भाजतात. सात थरांच्या बेबिंक्याला घरच्या बाईची अख्खी दुपार लागते. 2023 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं.

आम्ही शाकाहारी आहोत. महिनाभर काय खायचं?

काळजी नको. गोव्यातल्या हिंदू घरांत सोमवारी, चतुर्थीला, श्रावणात मासे नसतात, आणि या बिनमासळीच्या जेवणाला शिवराक असा खास शब्द आहे. खतखतं पाच-सात भाज्यांचं, तिरफळाच्या वासाचं. मुगागाठी, अंबाड्यांचं सासव, नीरफणसाच्या रवा लावलेल्या कापा, अळसांद्यांचं तोंडाक. अडचण एवढीच की हे पदार्थ उपाहारगृहांच्या पत्रिकेवर क्वचित असतात. घरगुती डबे देणाऱ्या बायका जवळपास प्रत्येक वाड्यावर आहेत, शेजारी विचारा आणि सोमवारचा डबा लावा, खरं शिवराक जेवण तिथे मिळेल. रोजच्यासाठी पणजीत कामत आणि नवतारा आहेतच.

स्वयंपाकघर आहे, मासळी आणि भाजी कुठून आणू?

पणजीच्या बाजारातून, सकाळी आठ ते दहा. छोटी मासळी वाट्यावर मिळते, मोठी वजनावर. कोळीण म्हणेल, "घे गो बाय, आतां आयलें." तरी कल्ले उचलून बघा, लाल हवेत. बोट दाबलं की खळगा राहायला नको. साफ करून देणारे लोक बाजारातच वेगळे बसलेले असतात, थोडे पैसे घेतात आणि बांगडा हुमणासाठी की तळायला हे विचारून त्याप्रमाणे कापतात.

शुक्रवारी म्हापशाला जा. शुक्रवारचा हा बाजार जवळजवळ साऱ्या बारदेस तालुक्याचा आहे. एका ओळीत मातीची मडकी, पुढे चोरीसच्या माळा, मग मयड्याची लांब केळी, खोल्याच्या आणि हरमलच्या मिरच्या, भिंडांची म्हणजे कोकमाची सोलं, गावठी गूळ. एप्रिल-मेमध्ये मानकुराद आंबा येतो. सुरुवातीला त्याचा दर ऐकून हापूस खाणारी मंडळी दचकतात. थोडं थांबा, मेच्या मध्यावर भाव उतरतो, तेव्हा डझनावारी घ्या. याच दिवसांत उर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांचं हलकं मद्य मिळतं, पावसाळ्याआधी संपतं.

जुनं गोवं एका सकाळी बघून होतं का?

चर्चेसवरून नजर फिरवायची असेल तर होतं. मी म्हणते दोन सकाळी द्या. पहिल्या दिवशी बाँ जेझू आणि सी कॅथेड्रल. गिलावा काढलेली, जांभ्याच्या लाल दगडाची बाँ जेझू बासिलिका 1605 मध्ये पूर्ण झाली. आत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष आहेत, ते 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ वारले. दर दहा वर्षांनी शवप्रदर्शन होतं, अलीकडचं 2024 च्या नोव्हेंबरपासून 2025 च्या जानेवारीपर्यंत झालं. 3 डिसेंबरच्या फेस्ताच्या आधीचे नऊ दिवस गर्दी फार असते. समोरच्या सी कॅथेड्रलला एकच मनोरा दिसतो, कारण दुसरा 1776 मध्ये कोसळला. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला.

दुसऱ्या दिवशी, शक्यतो चारनंतर, टेकडीवरच्या सांत ऑगस्टिनच्या अवशेषांकडे जा. सेहेचाळीस मीटर उंच मनोऱ्याचा अर्धा भाग आभाळात उभा आहे, बाकी छप्पर 1842 मध्ये कोसळलं. पायाखाली समाध्यांचे दगड, त्यावर कोरलेली नावं झिजत चाललेली, भिंतीच्या कोपऱ्यात एखाद-दुसरी रंगीत फरशी अजून चिकटून. मनोऱ्यात घंटेची जागा रिकामी आहे. ती घंटा म्हणजे पणजीच्या चर्चमधली तीच, जी मी वर लक्षात ठेवायला सांगितली. रविवारी सकाळी पणजीत ती वाजते तेव्हा मला हा मोकळा मनोरा आठवतो.

पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असतं.

फोंड्याची देवळं एका दिवसात किती करावीत?

तीन. यात्रा कंपन्या सहा-सात करवतात आणि संध्याकाळी कुठलं देऊळ कुठलं हे कुणाला आठवत नाही.

आधी हे समजून घ्या की ही देवळं इथे का आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तिसवाडी, साष्टी, बारदेसमधली देवळं पाडायला सुरुवात केली, तेव्हा लोकांनी मूर्ती आणि लिंगं उचलून रातोरात नदी ओलांडली. पलीकडे आदिलशाही मुलूख होता. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. म्हणून फोंड्याच्या आठ-दहा किलोमीटरांत इतकी दैवतं शेजारी-शेजारी नांदतात. कुणाचं कुलदैवत यांपैकी असेल तर त्याला हे घरच्यांकडून कळलेलं असतं. बाकीच्यांना सांगायला हवं, नाहीतर देवळं फक्त सुंदर वाटतात, त्यांच्यामागचं धाडस दिसत नाही.

माझा क्रम असा: सकाळी म्हार्दोळ, मग मंगेशी, मग बांदोड्याचं नागेशी. म्हार्दोळला देवळाबाहेर जाईच्या कळ्यांचे हार घेऊन बायका बसतात, ऑगस्टच्या सुमारास तिथे जायांची पूजा होते आणि अख्खं देऊळ जाईने भरतं. मंगेशीचा सात मजली पांढरा दीपस्तंभ तुम्ही चित्रांत पाहिलेला आहे. मास्टर दीनानाथ मंगेशकर याच गावचे, आडनावही इथूनच आलं. नागेशी मात्र स्थलांतरित नाही. ते मूळ जागेवरच आहे, आणि आवारात 1413 चा शिलालेख आहे. तळ्याच्या पायऱ्यांवर दुपारी बसा. पाण्यात पाय सोडू नका, मासे बघत राहा. कवळ्याची शांतादुर्गा वेगळ्या दिवसासाठी राखून ठेवा. देवस्थानांच्या अग्रशाळांत राहण्याची आणि प्रसादाच्या जेवणाची सोय असते, आधी कळवून विचारा.

फोंड्याजवळच्या केरी गावात केसरबाई केरकरांचा जन्म झाला. 1977 मध्ये अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या ध्वनिमुद्रिकेत त्यांचं गाणं आहे. केरीच्या रस्त्यावरून जाताना मोबाइलवर ते लावा.

शिवरायांशी संबंधित काही पाहायला आहे का?

आहे, आणि तिथपर्यंतची वाट हीच गोव्यातली माझी सर्वांत आवडती सफर. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जा. पाच मिनिटांचा प्रवास, बोटीवर दुचाकी, शाळेची मुलं, टोपल्या घेतलेल्या बायका. बेटावर भातशेती आणि पिएदादच्या टेकडीवरचं चर्च, वरून साऱ्या मांडवीचा विस्तार दिसतो. कदंब राजांचं दैवत सप्तकोटीश्वर मुळात या बेटावर होतं. पोर्तुगिजांनी देऊळ मोडल्यावर लिंग पलीकडे डिचोली भागात नार्वे गावी नेलं गेलं. 1668 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी तिथे देवळाचा जीर्णोद्धार करवला, दारावर तसा लेख आहे. डागडुजीनंतर 2023 मध्ये देऊळ पुन्हा खुलं झालं. बेटाच्या दुसऱ्या टोकावरून फेरी थेट नार्व्याला जाते, म्हणजे देव ज्या दिशेने नदी ओलांडून गेला त्याच दिशेने तुम्हीही जाता. छोटं, बुटकं, उतरत्या छपराचं देऊळ आहे. महाराजांच्या नावामुळे भव्य काही डोळ्यांसमोर आणून येणारे क्षणभर गोंधळतात, आणि मग बराच वेळ तिथेच बसतात.

आणि किनारे?

त्यासाठी माझी गरज नाही. एवढंच सांगते: पाळोळे आणि आगोंदला जायचं तर मुक्काम करा, पणजीपासून सत्तर किलोमीटर जाऊन लगेच परत फिरू नका. रोजच्या संध्याकाळला मिरामार पुरतं. जून ते सप्टेंबर समुद्रात उतरूच नका, आणि एरवीही जीवरक्षकाची शिट्टी झाली की बाहेर या.

दूधसागर आणि तांबडी सुर्ला एकत्र होतं का?

होतं, पण पहाटे निघालात तरच. दूधसागर साधारण तीनशे दहा मीटरचा, जीपगाड्या कुळ्यातून सुटतात आणि पावसाळ्यात बंद असतात. दिवसाला ठरावीकच गाड्या सोडतात. एकदा माझी बहीण आणि मी पाहुण्यांना घेऊन अकराला कुळ्यात पोचलो. गाड्या संपल्या होत्या. दोन लहान मुलं रडवेली झाली. मग तिथून तांबडी सुर्ल्याला गेलो आणि दिवस वाचला. कदंबकाळातलं, बसॉल्टच्या काळ्या दगडाचं महादेवाचं हे देऊळ जंगलात ओढ्याकाठी उभं आहे. आसपास हा दगड मिळत नाही, घाटावरून आणला असावा असं मानतात. पोर्तुगिजांच्या हातून ते सुटलं ते या जंगलामुळेच. मुलांनी खांबांवरचे हत्ती मोजले आणि ओढ्यात पाय बुडवले. आता मी सगळ्यांना हिवाळ्यातल्या एखाद्या कामाच्या दिवशी, सकाळी सातच्या आत, आधी धबधबा आणि मग देऊळ असं सांगते.

गाडी भाड्याने घ्यावी का?

आठवडाभर बस वापरून बघा. पणजी-मडगाव, पणजी-वास्को, पणजी-म्हापसा अशा थेट कदंब बसेस आहेत, तिकीट चढण्याआधी खिडकीवर काढायचं. रात्री आठनंतर गावांकडच्या बसेस कमी होतात. ओला-उबर गोव्यात नाही, गोवा माइल्स हे ॲप आहे. दुचाकी घेतलीत तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या, खासगी नंबरची गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि दंड तुम्हाला भरावा लागतो. जवळच्या अंतरासाठी पायलट, म्हणजे मोटारसायकलवरून सोडणारे, हा प्रकार इथे जुना आहे. दर आधी ठरवा.

पावसाळ्यात महिनाभर यावं का?

यावं. समुद्र सोडला तर गोवा पावसातच पाहावा. जून-जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, तेव्हा पत्रिकेवरचा सुरमई बहुधा बर्फातला असतो. त्याऐवजी नदी-खाडीची मासळी, खेकडे, तिसऱ्या, आणि पावसाआधी भरून ठेवलेली सुकी मासळी खा. या साठवणीला पुरुमेंत म्हणतात, मे महिन्यात त्याचे बाजार भरतात. पहिल्या सरींनंतर वारुळांवर उगवणारी अळमी (रानातली अळंबी) रस्त्याकडेला पानात बांधून विकायला येतात. महाग असतात. तरी एकदा घ्या आणि शाकुतीच्या वाटणात करा. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या मैदानात चिखलकाला असतो, 24 जूनला सांजावांत, म्हणजे संत जॉनच्या सणाला, तरुण मंडळी डोक्यावर फुलापानांचे मुकुट घालून विहिरींत उड्या मारतात, ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीला बोंदेरा हा झेंड्यांचा उत्सव. चवथीत कुणी घरी बोलावलं तर नक्की जा, आणि गणपतीच्या डोक्यावर टांगलेली माटोळी नीट पाहा: रानातली फळं, कंद, फुलं, सुपारीचे घड, अशी पन्नासेक नावं घरची आजी एका दमात सांगते.

संध्याकाळी, मद्य आणि कॅसिनो सोडून, काय करता येतं?

पुष्कळ. पाट्ट्यावरचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय 1832 साली स्थापन झालेलं. मराठी पुस्तकांचे कप्पे भरलेले, वर्तमानपत्रांसाठी मोठी खोली. कांपालला चार्ल्स कोरिया यांनी रचलेली कला अकादमी आहे, तिथल्या दीनानाथ मंगेशकर कला मंदिरात मराठी नाट्यस्पर्धा, संगीत सभा होतात. फोंडा, मडगाव, साखळीच्या सभागृहांतही प्रयोग असतात, आणि खेड्यांतल्या जत्रांत रात्रभर मराठी नाटक आजही रंगतं. गावकरी स्वतः भूमिका करतात, जांभई देणारं पोर आईच्या मांडीवर आणि आई रंगमंचाकडे बघत. नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव. काहीच नसेल तर पणजीहून बेतीची फेरी पकडा, पलीकडून मावळतीला शहर पाहा आणि त्याच बोटीने परत या.

मुलं सोबत आहेत.

मिरामारचं विज्ञान केंद्र, बोंडल्याचं प्राणिसंग्रहालय (गुरुवारी बंद), आणि रायबंदरहून चोडणला जाऊन सलीम अली पक्षी अभयारण्यात खारफुटीतली होडीची फेरी. होडी भरतीच्या वेळेनुसार असते. मोठ्या मुलांना बाणावलीचं गोवा चित्र हे संग्रहालय दाखवा, जुनी शेतीची अवजारं, घाणे, गाड्या. तोर्ड्याचं हाउसेस ऑफ गोवा संग्रहालय जहाजाच्या आकाराचं आहे, मुलांना इमारतच आवडते.

मराठी बोललेलं चालतं का?

चालतं. उत्तर कोंकणीत येईल आणि तुम्हाला कळेल. आठवड्यात "देव बरें करूं" म्हणायला शिका, आभार मानायचे ते शब्द. मात्र कोंकणीला मराठीची बोली म्हणू नका. इथल्या लोकांनी तिच्यासाठी मोठा लढा दिला आहे आणि ते मनाला लागतं.

निघताना घरी काय न्यावं?

भिंडांची सोलं, खोल्याच्या मिरच्या, तिरफळं, सुकी कोळंबी चार पिशव्यांत बांधून. दोदोल आणि बेबिंका प्रवासात टिकतात, फोंताईन्हासची जुनी कॉन्फेतारिया किंवा मिस्टर बेकर 1922 इथून घ्या. काजू कवचासकट भाजलेला, सालीचा मागा. पोई मात्र नेऊ नका, दुसऱ्या दिवशी ती चामट होते. निघायच्या दिवशी पहाटे पोदेर येईल, त्याला आज शेवटचा दिवस असं सांगा आणि गरम असतानाच, नुसत्या लोण्याबरोबर, दारातच उभ्याने खा.